आपघात आणि अपघात

भेस्तान स्टेशन सुरतेच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन यांच्या मध्ये. शेजारी पांडेसराची जीआयडीसी, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि त्यांची धुराडी. उधना, लिंबायत, डिंडोलीपासून इथवरच्या वस्त्यांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहतात. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, दुकानात गुजराती, असा त्यांचा दिवस तीन भाषांत वाटलेला. गावाकडून नव्याने आलेल्याला गुजराती अक्षरं लवकर लागतात, पण वर्तमानपत्रातला एक शब्द त्याला हटकून चकवतो. मथळ्यात असतं ‘आपघात’. त्याला वाटतं, कुठेतरी ट्रक उलटला. बातमी वाचत गेल्यावर कळतं की गाडी नाही, ट्रक नाही; एका माणसाने जीव दिला आहे. गुजरातीत रस्त्यावरच्या दुर्घटनेला ‘अकस्मात’ म्हणतात आणि ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या.

फरक एका कान्याचा. पण आत्महत्या नैतिक की अनैतिक, हा अडीच हजार वर्षांचा वाद त्या कान्यावरच अडला आहे. माणसाने स्वतः होऊन केलेली ती कृती आहे, की त्याच्यावर कोसळलेली गोष्ट? बहुतेक तत्त्वज्ञांनी पहिलं गृहीत धरलं आणि मग ती कृती योग्य की अयोग्य यावर पानंच्या पानं लिहिली. दुसऱ्या शक्यतेकडे गंभीरपणे पाहायला जगाला फार उशीर झाला.

मराठीत तर या एका मरणासाठी शब्दांची उतरंडच आहे. ‘आत्महत्या’ म्हटलं की त्यात हत्या आली, म्हणजे गुन्हा शब्दातच भरलेला. ‘जीव दिला’ म्हटलं की देणं आलं, पण कुणाला दिला ते भाषा सांगत नाही. ‘प्रायोपवेशन’, ‘देहत्याग’, ‘आत्मार्पण’, ‘समाधी’ हे वरच्या मजल्यावरचे शब्द, मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेले. शेतमजूर बातमीत ‘जीवनयात्रा संपवतो’. सत्पुरुष ‘देह ठेवतो’. निकाल शब्दाने आधीच दिलेला असतो, युक्तिवाद मागाहून येतात.

पाश्चात्त्य युक्तिवादांची सुरुवात सहसा सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसापासून करतात. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात तो तुरुंगात मित्रांना सांगतो की माणूस देवांच्या मालकीचा आहे, पहाऱ्यावरच्या शिपायाने हुकुमाशिवाय जागा सोडू नये. अ‍ॅरिस्टॉटलने देवाऐवजी नगरराज्य आणलं: स्वतःला मारणारा स्वतःवर नव्हे, राज्यावर अन्याय करतो. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने तीन कलमांत सगळं बांधून टाकलं. आत्महत्या निसर्गाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे आणि जीवन देणाऱ्या ईश्वराविरुद्ध आहे. युरोपातल्या चर्चने आणि कायद्याने पुढची कित्येक शतकं याच तीन खुंट्यांवर आपलं ओझं टांगलं. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला तो थेट १९६१पर्यंत.

विरोधी बाजूला स्टोइक होते. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम. त्याची उपमा प्रसिद्ध आहे: घरात थोडा धूर झाला तर राहावं, फार झाला तर बाहेर पडावं, दार उघडंच आहे. उपमा देखणी आहे आणि म्हणूनच तपासायला हवी. धूर कोणी केला, हे एपिक्टेटस विचारत नाही. खिडकी उघडता येईल का, शेजाऱ्याला हाक मारता येईल का, हेही नाही. गुलामाच्या मालकाला हे तत्त्वज्ञान फार सोयीचं पडलं असणार.

डेव्हिड ह्यूमचा ‘आत्महत्येविषयी’ हा निबंध १७५०च्या दशकात छापून तयार होता; दबाव आला, पुस्तकातून काढावा लागला आणि तो बाहेर आला १७७७मध्ये, ह्यूमच्या मृत्यूनंतर. त्याने अ‍ॅक्वायनसच्या खुंट्या एकेक करून उपटल्या. नदीचा प्रवाह वळवणं जर देवाच्या कामात ढवळाढवळ नसेल, तर शिरांतल्या थोड्याशा रक्ताचा प्रवाह वळवणं का असावं? आणि समाजाचं देणं म्हणाल, तर ते दोन्ही बाजूंनी असतं. स्वतः प्रचंड यातना सोसून समाजाचं किरकोळ भलं करायला कोणी बांधील नाही. आठ वर्षांनी, १७८५मध्ये, इमॅन्युएल कांटने उलट टोक धरलं. दुःखातून सुटण्यासाठी जो स्वतःला संपवतो, तो स्वतःतल्या माणूसपणाला निव्वळ साधन म्हणून वापरतो, आणि माणूस ही साधन म्हणून वापरायची वस्तू नव्हे.

ह्यूम आणि कांट एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं पाठ्यपुस्तकं सांगतात. एका बाबतीत मात्र दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांच्याही डोळ्यांसमोरचा माणूस खुर्चीत शांत बसला आहे, त्याची झोप झाली आहे, त्याच्या दाराशी सावकार उभा नाही, आणि तो आयुष्याचा जमाखर्च मांडून निर्णय घेतो आहे. असा माणूस असेलही. पण भेस्तानच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला, पगार अर्धा झालेला, हप्ता थकलेला तरुण तो नव्हे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचं उत्तर एक नाही, आणि ते एक आहे असं सांगणाऱ्यापासून जपून राहावं. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय स्वतःला संपवणाऱ्यांना मरणोत्तर उदक नाकारतो. सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला शरीर पडेपर्यंत ईशान्येकडे चालत राहण्याची मुभा आहे. पांडव महाप्रस्थानाला निघाले, राम शरयूत उतरला, आणि कुणीही त्याला आत्महत्या म्हटलं नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या खंडांत ही सगळी परस्परविरोधी वचनं शेजारी-शेजारी मांडून ठेवली आहेत, प्रयागच्या संगमावरच्या देहत्यागासकट. त्या मांडणीतला सगळ्यात लक्षणीय भाग ‘कलिवर्ज्य’ आचारांचा आहे. पूर्वी मान्य असलेल्या पण कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींच्या यादीत महाप्रस्थान आहे आणि वृद्धांचा स्वेच्छेचा देहत्यागही. म्हणजे धर्मशास्त्रकारांनी आपलंच जुनं मत बदललं, आणि बदललं म्हणून मान्य केलं नाही, काळावर ढकललं. मध्ययुगीन पंडितांची ही युक्ती आजच्या विधिमंडळांनाही जमत नाही.

बौद्ध विनयाने तर वेगळाच मुद्दा धरला. तिसऱ्या पाराजिक नियमानुसार, कुणाचा जीव घेणाऱ्या भिक्षूइतकाच दुसऱ्यासमोर मरणाची स्तुती करून त्याला मरणाकडे वळवणारा भिक्षूही संघाबाहेर जातो. आत्महत्येच्या बातम्या रंगवून देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना आज पत्रकारांना सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने तोच नियम केला होता, आणि तो मरणाऱ्याविषयी नव्हता, आजूबाजूच्यांविषयी होता.

सुरतेत हा विषय निघाला की जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवण्यावर, येतोच. दिगंबर परंपरेत त्याला सल्लेखना म्हणतात. आचार्य पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकाग्रंथात त्याचं समर्थन आहे, आणि दृष्टांत व्यापाऱ्याचा आहे, सुरतेला शोभेल असा. आपल्या वखारीचा नाश कोणत्याही व्यापाऱ्याला नको असतो. आग लागली तर तो ती विझवायला धावतो. विझत नाही असं दिसलं तर निदान आतला माल वाचवतो. शरीर ही वखार, व्रतं हा माल. आत्महत्येत राग, द्वेष, मोह असतो. सल्लेखनेत तो नसतो, म्हणून ती आत्महत्या नव्हे. आचार्य समंतभद्रांनी अटीही घातल्या: टाळता न येणारं संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा बरा न होणारा आजार.

या अटींचं मराठी मुलुखातलं सर्वांत परिचित उदाहरण आचार्य शांतिसागरांचं. दृष्टी अधू होत गेली, चालताना पायाखालचे जीव दिसेनात, म्हणजे अहिंसेचं व्रतच पाळता येईना. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली आणि सुमारे पाच आठवड्यांनी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. हजारो लोक दर्शनाला येत होते. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही.

साठ वर्षांनी, १० ऑगस्ट २०१५ला, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असा निकाल दिला. देशभर जैनांचे मूक मोर्चे निघाले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. स्थगितीने निकाल थांबला, प्रश्न थांबला नाही. २०२५मध्ये इंदूरमध्ये मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या एका मुलीला संथारा दिल्याची बातमी आली आणि पूज्यपादांच्या दृष्टांताची खरी कसोटी लागली. वखार कोणाची आणि विझवणं सोडून द्यायचा निर्णय कोणाचा? राग-द्वेष नसण्यासाठी आधी समज असावी लागते. तीन वर्षांच्या मुलाला व्रत घेता येतं असं मानणं हे त्या व्रताचंच अवमूल्यन आहे.

मराठी विचारविश्वात या प्रश्नावर सगळ्यात थेट लिहिलं ते वि. दा. सावरकरांनी. आयुष्याचं काम पुरं झालं, शरीर निरुपयोगी झालं, तर समाधानाने आयुष्य संपवणं ही आत्महत्या नव्हे, आत्मार्पण आहे, अशी मांडणी त्यांनी केली आणि संतांच्या समाध्यांचे दाखले दिले. मग १९६६च्या फेब्रुवारीत अन्न आणि औषध सोडून, २६ तारखेला, ती मांडणी खरीही केली. मांडणीतली फट दिसायला वेळ लागत नाही. ‘निरुपयोगी’ हा शब्द स्वतःबद्दल वापरणं एक, आणि तो समाजाच्या हाती एक माप म्हणून देणं दुसरं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबद्दल हा शब्द कोणत्या घरात, कोणत्या सुरात उच्चारला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विनोबा भावे यांचं उदाहरण याहून शांत. १९८२च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, त्यांचं निधन झालं. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या. औषध घ्यावं म्हणून अनेकांनी विनवलं. ते बधले नाहीत.

साने गुरुजींबद्दल मात्र महाराष्ट्र बोलत नाही. ११ जून १९५० हा दिवस पुण्यतिथी म्हणून पाळला जातो, ‘श्यामची आई’ वर्गात वाचली जाते, आणि गुरुजी कसे गेले हे मुलांनी विचारलं की शिक्षक पुढचं पान उलटतात. आत्मार्पण म्हणवत नाही, आत्महत्या म्हणण्याची हिंमत होत नाही. ही गप्प राहण्याची पद्धत प्रेमातून आलेली आहे, पण तिने मुलांना एक गोष्ट शिकवली: अशा मरणाबद्दल घरात बोलायचं नसतं.

आता आणखी एक शब्द: ‘त्रागा’. मराठीत हा शब्द हल्ली चिडचिडीपुरता उरला आहे. मूल ताट ढकलतं, तोही त्रागाच. गुजराती ‘त्रागुं’ मात्र अजून आपला इतिहास सांभाळून आहे. गुजरात-काठियावाडात चारण आणि भाट हे व्यवहारांचे जामीन राहत. कबूल केलेलं पाळलं नाही, की ते देणेकऱ्याच्या दारात स्वतःला जखमा करून घेत, वेळ पडली तर जीव देत, आणि त्या रक्ताचं पाप करार मोडणाऱ्यावर जाई. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्सच्या १८५६च्या ‘रासमाळा’त याची वर्णनं आहेत. धरणं हा त्याचाच सौम्य भाऊ: ब्राह्मण दारात उपाशी बसे. इंग्रजांच्या दंडसंहितेने कलम ५०८ खाली दिलेलं उदाहरणच मुळी दारात धरणं धरून बसणाऱ्याचं होतं.

त्राग्याचं नीतिशास्त्र चमत्कारिक आहे, पण ते मूर्खपणाचं नाही. मरणारा स्वतःच्या मरणाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो, आणि गाव ती मान्य करतं. ज्याच्या हातात दुसरं काहीच नाही, त्याच्या हातात हे एक शस्त्र. सप्टेंबर १९३२मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध प्राणांतिक उपोषण आरंभलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांसमोर हेच शस्त्र आलं. गांधीजी गेले असते तर गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर काय ओढवलं असतं, याचा हिशेब करूनच त्यांनी २४ सप्टेंबरला पुणे करारावर सही केली. उपोषण नैतिक होतं की जबरदस्ती, हा वाद आजही मिटलेला नाही. पण एवढं स्पष्ट आहे की त्राग्याची नैतिकता करणाऱ्याच्या मनाच्या शुद्धतेवर ठरत नाही; दाराच्या आतल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची मोकळीक किती आहे, त्यावर ठरते. बलवान माणूस दुबळ्याच्या दारात बसला, तर त्याला धरणं म्हणणं अवघड जातं.

उलट दिशेचं उदाहरण खानदेशातलंच. जानेवारी २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे ८४ वर्षांचे एक शेतकरी वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला तुटपुंजा मिळाला म्हणून हेलपाटे घालून थकले आणि मंत्रालयातच त्यांनी टोकाचं पाऊल उचललं. आठवड्याभरात ते गेले. पुढच्याच महिन्यात सरकारने मंत्रालयाच्या मधल्या चौकावर संरक्षक जाळी बसवली. जाळी हवीच, तिने जीव वाचतात. पण जमिनीच्या फाइली मात्र त्या वेगाने हलत नाहीत.

न्यायालयांचा प्रवास इथेच येऊन मिळतो, आणि त्याची सुरुवात मुंबईत आहे. १९८०च्या दशकात मुंबई पोलिस दलातल्या एका शिपायाला रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसला, त्यातून मानसिक आजार जडला. परवान्याच्या कामासाठी महापालिका आयुक्तांची भेट मिळेना, तेव्हा त्याने तिथेच जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचला, आणि वाचल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली त्याच्यावर खटला झाला. हा खटला आणि विनोबांचं जाणं यांत जेमतेम तीन-चार वर्षांचं अंतर आहे. १९८६मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने कलमच घटनाबाह्य ठरवलं. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्य येतं, तसं जगण्याच्या हक्कात न जगण्याचंही, असा त्यांचा तर्क होता. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि दोनच वर्षांनी, ग्यान कौर खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी फिरवला: जीवनाच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही.

१९८६चा निकाल माणुसकीचा होता, त्याचा तर्क मात्र कच्चा. गप्प बसलेला माणूस उद्या बोलू शकतो. शिवाय त्या शिपायाची हकीकत ‘हक्का’ची नव्हतीच, ती ‘अपघाता’ची होती, अक्षरशः. त्याला हवा होता डॉक्टर. न्यायालयाला त्याला स्वातंत्र्य देऊन सोडवावं लागलं, कारण कायद्याकडे दुसरा दरवाजा नव्हता. तो दरवाजा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उघडला. त्याच्या कलम ११५नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर भारतीय कायदा आपघाताकडून अपघाताकडे सरकला.

पण पूर्ण नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ गेलं, आणि कलम २२६ आलं. लोकसेवकाला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. म्हणजे खाजगी दुःख माफ, त्रागा गुन्हा. आयुक्तांच्या दारातला तो शिपाई आज पुन्हा आरोपी ठरू शकला असता.

असाध्य आजाराचा प्रश्न वेगळ्या खात्यातला आहे आणि तो आत्महत्येत मिसळू नये. तो देशासमोर आणला अरुणा शानबाग यांनी, एकही शब्द न बोलता. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्यानंतर ४१ वर्षं त्या तिथल्याच एका खाटेवर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने दयामरण मागितलं. केईएमच्या परिचारिकांनी त्याला ठाम नकार दिला. ७ मार्च २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कठोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट प्रथमच खुली केली. ‘तिच्या जागी मी असते तर’ असा विचार करणारी लेखिका आणि ‘ती आमची आहे’ म्हणणाऱ्या परिचारिका, या दोघींपैकी अरुणाचा आवाज कोणाचा? कांटकडे याचं उत्तर नाही. चाळीस वर्षं अंगावर एक जखम न होऊ देणाऱ्या परिचारिकांचं म्हणणं मात्र कोणत्याही ग्रंथाइतकंच वजनदार आहे.

पुढे ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, २०२३मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. गोव्यात ३१ मे २०२४ला न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं. महाराष्ट्रात ती जपून ठेवायची व्यवस्था व्हावी म्हणून डॉ. निखिल दातार यांना जनहित याचिका करावी लागली. शुद्धीवर असताना, नातलगांना सांगून, बदलायची मुभा ठेवून केलेला हा निर्णय ह्यूमच्या खुर्चीतल्या माणसाच्या सगळ्यात जवळ जातो. इथे ह्यूमचं म्हणणं मान्य करायला हरकत नसावी.

त्या खुर्चीत न बसणारे जे उरतात, ते खूपच जास्त आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मरणाऱ्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवरची माणसं होती. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळच्या चिलगव्हाणमधल्या एका शेतकऱ्याचं अख्खं कुटुंब गेलं. त्या तारखेला शेतकरी चळवळीतले अमर हबीब आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षं एक दिवस अन्नत्याग करतात. सरकारनेही स्वतःचं नीतिशास्त्र तयार केलं आहे. मृताच्या घरच्यांना एक लाखाची मदत मिळते ती आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर: जमीन नावावर हवी, कर्ज अधिकृत हवं, थकलेलं हवं. सावकाराचं कर्ज कागदावर नसतं आणि बाईच्या नावावर जमीन नसते. ‘अपात्र आत्महत्या’ हा शब्दप्रयोग तहसील कचेरीत सहज उच्चारला जातो. अ‍ॅक्वायनसने नरक दाखवला होता, पण फॉर्म भरून घेतला नव्हता.

सुरतेत हेच चित्र हिऱ्यांच्या घंटीवर दिसलं. युद्ध, निर्बंध, प्रयोगशाळेतले हिरे यांनी बाजार पडला, सुट्ट्या लांबल्या, मजुरी घटली. जुलै २०२४मध्ये रत्नकलाकारांच्या संघटनेला आपल्या कामगारांसाठी आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइन काढावी लागली. मदत मागणाऱ्यांच्या अडचणी नोकरी, घराचा हप्ता, मुलांची फी अशा. पुढच्या वर्षी सरकारने केलेल्या मदतीत मुलांच्या शाळेच्या फीचा समावेश होता. यात कुठेही ‘जगण्याला अर्थ आहे का’ हा आल्बेर काम्यूचा प्रश्न नाही. तो प्रश्न खोटा नाही, आणि काम्यूने त्याचं उत्तर ‘जगावं’ असंच दिलं, हे त्याचं नाव घेणारे पुष्कळदा विसरतात.

स्वातंत्र्यवाद्यांचा एक आक्षेप उरतो: एखाद्याने ठरवलंच असेल, तर त्याला अडवणारे तुम्ही कोण? याला तत्त्वज्ञानातून नव्हे, मोजणीतून उत्तर मिळालं. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड सायडन यांनी १९७८मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं ते शोधलं. सुमारे ९४ टक्के एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेलेले होते. अडवलं म्हणून ते दुसरीकडे गेले नाहीत. जो निर्णय आयुष्यभराचा वाटत होता, तो बहुतेकांच्या बाबतीत त्या घटकेचा होता. ‘ठरवलंच होतं’ हे वाक्य मागे राहिलेले म्हणतात. वाचलेले क्वचितच म्हणतात.

म्हणून भेस्तानमधल्या वाचकाला, आणि त्याच्यामार्फत शेजारच्या खोलीतल्या माणसाला, एवढंच सांगायचं. कुणी अबोल झाला असेल, हिशेब मिटवायच्या गोष्टी करत असेल, तर त्याला सरळ विचारा की मनात मरणाचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. आणि ते विचार स्वतःच्याच मनात येत असतील, तर ते आजच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, रात्रपाळी सुटल्यावरही उचलला जातो, आणि मराठीतही बोलता येतं.